सड्यावर पाणी चढवणारी सायकल

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राच्या अगदी कडेला. हापूसची बाग मात्र वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. मधली वाट ९०० मीटरची, सगळी जांभ्याची, आणि बहुतेक ठिकाणी चढ असा की शंभर मीटर चाललं की बारा मीटर वर. मार्च लागला की सड्यावर पाण्याचा टिपूस नसतो. नव्या कलमांना पाणी घालायचं तर खालच्या विहिरीचं न्यायचं, आणि आंबा तयार झाला की त्याच वाटेने क्रेट खाली आणायचे. वीस लिटरचे दोन कॅन कावडीला लावून मी ही वाट पंचवीस-तीस वर्षं चढलो. मग गुडघ्यांनी साथ सोडली आणि ही विजेवर चालणारी सायकल बांधली. आता मी आणि माझी पत्नी दोघंही ती चालवतो.

माझा धंदा शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करण्याचा. त्यामुळे हब मोटार, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटार, उघडली तेव्हा आत सगळं ओळखीचंच दिसलं. तोच स्टेटर, म्हणजे न फिरणारा गुंडाळीचा भाग, तेच तांबं. फरक एवढाच की इथे हा भाग मध्ये, एक्सलला म्हणजे चाकाच्या आसाला घट्ट बसलेला असतो आणि चुंबकं चिकटवलेला बाहेरचा डबा चाकासकट फिरतो. तरीसुद्धा माझी पहिली सायकल पंधरा दिवसांत मोडली, कारण मी सगळं लक्ष मोटारीवर दिलं होतं. म्हणून आता कुणी विचारायला आलं की किती वॅटची मोटार घेऊ, तर मी म्हणतो, वॅटचं नंतर बघू, आधी एक्सल कशाने धरणार ते सांग. आणि दुसरं, खाऱ्या हवेचं काय करणार ते सांग. बाकीचं जमतं.

त्याआधी कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटार २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच तिला मोटार वाहन धरत नाहीत. त्यापुढे गेलात की नोंदणी, विमा, लायसन्स, टाइप अप्रूव्हल म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी, सगळं आलं. हजार वॅटची मोटार लावून डिस्प्लेवर वेग कमी केला म्हणून ती साधी सायकल ठरते, असं मी मानत नाही. माझी सायकल घरापासून बागेपर्यंत आमच्याच जागेतून फिरते. मध्ये एका ठिकाणी डांबरी रस्ता आडवा येतो, तिथे उतरून, चावी बंद करून ढकलत नेतो. तुम्हाला बाजारात किंवा शाळेत जायला सायकल हवी असेल तर २५० वॅटचीच बांधा. सपाटीला आणि खाडीकाठच्या रस्त्याला ती पुरते.

आता ताकद किती लागते ते कागदावर मांडू. मी ७० किलो, सायकल ३०, पाणी ४०, म्हणजे १४० किलो. बारा टक्के चढाला गुरुत्वाकर्षणाची ओढ होते १६५ न्यूटन, त्यात चाकांचं घर्षण धरलं की १९० च्या आसपास. ताशी १० किलोमीटरने चढायचं तर चाकाला सुमारे ५३० वॅट मिळाले पाहिजेत. एवढ्या कमी वेगाला हब मोटारीत जवळजवळ निम्मी वीज उष्णतेत जाते. म्हणजे बॅटरीतून साधारण हजार वॅट काढायचे. मी ४८ व्होल्टची, १५०० वॅट लिहिलेली डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे आत गिअर नसलेली मोटार घेतली आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर ३० अँपियरचा. रोज लागतात १८ ते २० अँपियर, बाकीचे हात राखून.

गिअरवाली हब मोटार हलकी असते आणि चढाला चांगली ओढते, हे खरं. पण आत नायलॉनचे दात असतात, आणि रोज ४० किलो चढवायचे तर मला त्यांचा भरवसा वाटला नाही. शिवाय तिच्यात एकाच दिशेने धरणारा क्लच असल्यामुळे उतारावर मोटारीचा ब्रेक मिळत नाही. आमच्या वाटेला तो ब्रेक फार कामाचा आहे, त्याबद्दल पुढे येईलच. डायरेक्ट ड्राइव्ह घेत असाल आणि २४ इंची चाकात मिळत असेल, तर २६ इंचीच्या मागे लागू नका. चाक जेवढं लहान तेवढा मोटारीवरचा भार कमी.

फ्रेम पोलादी घ्या, यावर मी अडून बसतो. माझी पहिली फ्रेम ॲल्युमिनियमची होती, हलकी आणि देखणी. पंधराव्या दिवशी काजूच्या झाडाजवळच्या वळणावर, दोन्ही कॅन भरलेले असताना, मागून टक्कन आवाज आला. एक्सल ज्या फ्रेमच्या खाचेत बसतो तिथे तो फिरला, खाचेची एक बाजू तुटून पडली आणि एक्सलच्या पोटातून येणाऱ्या वायरी पिळून कापल्या गेल्या. मोटारीला वीज देणाऱ्या फेजच्या तीन वायरी एकमेकींना लागल्या, कंट्रोलर जागच्या जागी गेला. कॅन फुटले, माझं कोपर सोलवटलं. उतारावर असतो तर कोपरावर भागलं नसतं.

असं का होतं ते नीट समजून घ्या. मोटार चाकाला पुढे फिरवते तेव्हा तेवढ्याच जोराने ती एक्सलला मागे फिरवू बघते. वरच्या हिशोबातले १९० न्यूटन गुणिले २६ इंची चाकाची ३३ सेंटिमीटर त्रिज्या, म्हणजे ६३ न्यूटन-मीटर. हा सगळा पीळ धरायला काय असतं? चौदा मिलिमीटरच्या एक्सलला दोन बाजूंनी तासून केलेले दोन सपाट भाग, त्यांच्यामधलं अंतर १० मिलिमीटर. खाचेत पीळ बसतो तो त्या सपाट भागांच्या कडांवर, आणि त्या कडा एकमेकींपासून जेमतेम एक सेंटिमीटर लांब. म्हणजे प्रत्येक कडेवर सहाशे किलोंच्या वर दाब. नट कितीही आवळा, एकट्या नटाला हे झेपत नाही.

त्यासाठी टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी पट्टी. तयार मिळतात, पण पातळ असतात. मी ते शृंगारतळीला वेल्डिंगवाल्याकडून ८ मिलिमीटर जाडीची पट्टी कापून आणून घरी बनवले. पट्टी १५ सेंटिमीटर लांब. एका टोकाला आधी ९ मिलिमीटरची दोन भोकं शेजारी शेजारी पाडायची आणि मधला भाग कानशीने काढत जायचं. ग्राइंडर लावू नका. ग्राइंडर क्षणात अर्धा मिलिमीटर जास्त खातो, आणि तो अर्धा मिलिमीटरच पुढे एक्सलला हलायला जागा देतो. दर दहा-बारा हात मारले की एक्सलवर लावून बघा. शेवटी खाच अशी बसली पाहिजे की हाताने जात नाही, लाकडी हातोडीने दोन टिचक्या मारल्यावर जाते. मला एका पट्टीला अख्खी दुपार लागली. तेवढी लागू द्या. उतारावर मोटारीचा ब्रेक लावला की पीळ उलट दिशेने येतो. जरा सैल असलेला एक्सल रोज पुढे-मागे, पुढे-मागे होत खाच मोठी करत जातो, आणि महिन्याभराने नट आपोआप सैल सापडतो.

पट्टीचं दुसरं टोक फ्रेमच्या खालच्या दांडीला बोल्टने किंवा वेल्डिंगने पक्कं करा. दोन्ही बाजूंना. पाइपाला लावायच्या जुबली क्लिपवर भागवणारे बरेच आहेत, हजार वॅटला मी ते करणार नाही. वेल्डिंग करताना मागचं चाक काढून ठेवा, बॅटरी आणि कंट्रोलरही. मोटार जागेवर ठेवून वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि चुंबकांची जागा ओळखणारे आतले हॉल सेन्सर जातात. वेल्डिंग झालं की त्याच दिवशी रेड ऑक्साइड. आमच्याकडे उघडं लोखंड रात्रभर राहिलं तरी सकाळी पिवळं दिसतं.

मागच्या खाचेतलं अंतर १३५ मिलिमीटर हवं, हे फ्रेम घेतानाच मोजून घ्या. दूधवाल्यांची काळी उंच सायकल मजबूत असते, पण तिचं अंतर कमी पडतं आणि तिच्या सळईच्या ब्रेकवर हे वजन उतरवणं धोक्याचं आहे. जुनी पोलादी गिअरची सायकल शोधा, पुढे डिस्क ब्रेक बसेल अशी. रिम डबल वॉलची, ३६ भोकांची घ्या. तारा १३ गेजच्या पुरतात. मोटारीबरोबर येणाऱ्या १२ गेजच्या जाड तारा हलकी रिम भोकापाशी फाडतात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर तारा पुन्हा ताणून घ्यायच्या.

बॅटरी मी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. १६ सेल सिरीजमध्ये, ५१.२ व्होल्ट, २० अँपियर-तास, म्हणजे साधारण एक किलोवॅट-तास. भरल्यावर ५८.४ व्होल्ट. दुसऱ्या जातीच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या असतात, पण ही उष्णता जास्त सोसते आणि सहज पेट घेत नाही. आमच्या घराला कौलं आहेत, पडवीत सरपण आणि गवत असतं, त्यामुळे दोन किलो जास्त वजनाला माझी हरकत नाही. एका चढाईला ९० वॅट-तासांच्या आसपास जातात. दिवसाला चार-पाच खेपा करूनही निम्मी उरते. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली की ती तोडणारं सर्किट, सतत ४० अँपियर देणारा हवा, कंट्रोलरच्या ३० पेक्षा वरचा.

बॅटरीवर लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. मी फसलो आहे. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्टचे, ६० वॅटचे चार दिवे सिरीजमध्ये जोडायचे आणि भरलेली बॅटरी त्यावर लावायची. साधारण ५ अँपियर जातात. म्हणजे २० अँपियर-तासाची बॅटरी चार तास चालली पाहिजे. क्लॅम्प मीटर लावून अर्ध्या-अर्ध्या तासाने करंट लिहून ठेवा. माझी पहिली बॅटरी अडीच तासांत बीएमएसने बंद केली, म्हणजे ती तेराचीही नव्हती. कागदावरचे आकडे दाखवले तेव्हा ती बदलून मिळाली. आकडे नसते तर नुसता वाद झाला असता.

चार्जिंग मी दिवसा करतो, जांभ्याच्या चिऱ्यावर बॅटरी ठेवून, घरात कुणीतरी जागं असताना.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी सांगतो. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, शक्य तेवढी आखूड. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि तो डीसीचा. गाडीतले पात्याचे फ्यूज सहसा ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. ५८ व्होल्टला ते जळाले तरी आत ठिणगीचा पूल राहू शकतो. सोलर पंपाचं सामान ठेवणाऱ्यांकडे ३२ अँपियरचा डीसी फ्यूज मिळतो, तो होल्डरसकट घ्या. तिसरी गोष्ट ब्रेकच्या मुठीतला कट-ऑफ स्विच. थ्रॉटलची, म्हणजे वेग वाढवायच्या मुठीची, निगेटिव्ह वायर तुटली तर काही स्वस्त कंट्रोलर ते पूर्ण थ्रॉटल समजतात आणि सायकल तुमच्या हाताबाहेर जाते. ब्रेक दाबला की मोटार बंद झालीच पाहिजे. हा स्विच न लावता माझ्या घरातल्या कुणाला मी सायकलवर बसू दिलं नसतं.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह वायरच्या मध्ये घरातला १०० वॅटचा जुना तारेचा दिवा सिरीजमध्ये लावा. दिवा लागता कामा नये. लालसर तेवत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, शोधा. दिव्यातून कंट्रोलरचे कपॅसिटर हळूहळू भरतात, त्यामुळे नंतर थेट जोडताना ठिणगीही उडत नाही. रोजच्या वापराला ठिणगी न उडणारा एक्सटी-९० एस कनेक्टर मिळतो, तो लावला की काम झालं.

मोटार धड आहे का, हे बॅटरीशिवायही कळतं. तीन जाड फेज वायरींपैकी कुठल्याही दोन एकत्र धरा आणि चाक फिरवा. चाक अडखळत, जड फिरेल. तिन्ही जोड्यांना सारखंच जड लागलं तर गुंडाळी ठीक. मग कंट्रोलर चालू करून हॉल सेन्सरच्या लाल-काळ्या वायरीत ५ व्होल्ट आहेत का बघा, आणि चाक हळूहळू फिरवत पिवळी, हिरवी, निळी एकेक तपासा. प्रत्येकीवर व्होल्टेज शून्य आणि ५ असं आलटून पालटून आलं पाहिजे. एखादी हललीच नाही तर तो सेन्सर गेला.

आता खारी हवा. आमच्या खिडक्यांचे गज तीन वर्षांत पापुद्रे सोडतात, तिथे या मोटारीची काय कथा. किनाऱ्यावर हब मोटार गंजून आतून मरते, आणि ती पावसापेक्षा श्वास घेतल्याने. चढ चढून ती तापते, आतली हवा फुगून बाहेर जाते. मग एखाद्या वहाळातून गेलात किंवा सर आली की ती एकदम थंड होते आणि बेअरिंगच्या सीलजवळून, वायरीच्या भोकातून दमट खारी हवा, कधी पाणीसुद्धा, आत ओढून घेते. बाहेरून चकचकीत असलेली मोटार उघडली तर आत स्टेटरच्या पत्र्यांवर लाल भुकटी.

म्हणून नवी कोरी असतानाच मी ती उघडली. झाकणाचे स्क्रू काढले तरी ती हाताने उघडत नाही, चुंबकं स्टेटरला सोडत नाहीत. पुलर, म्हणजे स्क्रू फिरवून ओढून काढायचं हत्यार, लावा. स्टेटर सुटताना आणि परत बसवताना झटक्याने ओढला जातो, मध्ये बोट सापडलं तर हाड मोडेल. पुलरच्या स्क्रूवर सावकाश खाली उतरवायचा, हात फक्त बाहेरून. मोटार उघडी असताना जवळपास कानस, लोखंडाचा कीस काही नको. एक कण चुंबकाला चिकटला की काढता काढता नाकी नऊ येतात.

स्टेटर दिवसभर कडक उन्हात ठेवून मग पत्र्यांच्या कडांवर आणि गुंडाळीच्या डोक्यांवर हवेत वाळणारं इन्सुलेटिंग वार्निश पातळ मारलं, आम्ही पंपाला मारतो तेच. पातळ या शब्दावर जोर आहे. चुंबक आणि स्टेटर यांच्यामधली फट एक मिलिमीटरसुद्धा नसते, वार्निशचा ओघळ राहिला तर तो घासतो. गुंडाळीत तेव्हाच तापमान कळण्यासाठी एक थर्मिस्टर खोचून त्याच्या वायरी बाहेर आणल्या. तापमान १०० अंशांवर गेलं की मी काजूखाली थांबतो. वायरी बाहेर येतात ते भोक सिलिकॉनने बंद केलं, पण ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेला मागा. बेअरिंगं दोन्ही बाजूंनी रबरी सीलची, नंबरापुढे टू-आरएस असलेली. झाकणाच्या कडेला समोरासमोर ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडली. सायकल उभी करताना त्यातलं एक खाली येईल असं चाक फिरवून ठेवायचं, आत काही जमलं असेल तर गळून जातं. हे बघून लोक दचकतात. पण पूर्ण बंद डब्यात शिरलेलं पाणी बाहेर यायला वाटच नसते.

मोटारीची वायर एक्सलमधून निघाल्यावर आधी खाली झुकवून मग वर घ्या. पागोळ्यांसारखं पाणी त्या खालच्या बाकावरून ठिबकतं, एक्सलमध्ये जात नाही. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणारं, ग्रीस भरा. आणि कंट्रोलर उभा बसवा, वायरी खालच्या बाजूला.

उतार. आंब्याचे दोन क्रेट मागे म्हणजे पुन्हा ४० किलो, आणि जांभा ओला असला की डिस्क ब्रेक लावताच चाक सरकतं. इथे मोटारीचा ब्रेक कामी येतो. तो चाकाला अडकवत नाही, मऊ धरून ठेवतो. बॅटरीत फार काही परत येत नाही, पण ब्रेकचे पॅड एका हंगामाऐवजी दोन हंगाम टिकतात. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना मात्र तो लावू नका. परत येणारी वीज जायला जागा नसते, बीएमएस तोडतो आणि ब्रेक ऐन उतारावर नाहीसा होतो. आमचं घर खाली असल्यामुळे हे आपोआप जमतं. तुमचं घर वर असेल तर बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच भरा. आणि पुढचा डिस्क ब्रेक १८० मिलिमीटरचा असलाच पाहिजे, मोटार बंद पडली तरी सायकल थांबायला हवी.

पत्नीने पहिल्यांदा चालवली तेव्हा तिने एकच तक्रार केली: सुटताना झटका बसतो, कॅनमधलं पाणी हिंदकळतं. माझा कंट्रोलर जुन्या चौकोनी लहरीचा होता. साइन वेव्हचा, म्हणजे गोलसर लहरीचा, घेतल्यावर सायकल आवाज न करता उचलते. सुरुवातीलाच तो घ्या, आणि सुटताना दोन पेडल मारा. उभ्या चाकाला जो करंट जातो तो सगळा मोटार तापवण्यात जातो.

आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांत मी सायकलचंही काम धरतो. मे संपता संपता शेवटचे क्रेट खाली आले की बॅटरी काढून निम्मी भरलेली अशी माजघरात कोरड्या जागी ठेवतो, महिन्यातून एकदा व्होल्टेज बघतो. चाक काढून झाकण उघडतो, वार्निशला कुठे पोपडा आला असेल तर हात मारतो. आणि टॉर्क आर्म, एक्सलचा नट आणि फ्रेम यांवरून पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढतो. हंगामात रोज सकाळी कॅन लादायच्या आधी ती रेघ बघायची. ती जरा जरी तुटक दिसली तर त्या दिवशी पाणी कावडीने जातं.